ब्राइटनेसचं बटण

आमच्या घरात देवघरातल्या देवांना कोणीही हात लावावा, पण टीव्हीला हात लावायचा अधिकार फक्त अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे वडील, साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. अंकुशनगरच्या कॉलनीत आमच्या लाइनीत पहिला रंगीत टीव्ही आमच्याकडं आला आणि त्या दिवशी अण्णांचं डोकं जे फिरलं ते पुन्हा ठिकाणावर आलं नाही. तोवर बरे होते बिचारे. हजेरीची कार्डं, घर, भाजी, झोप, एवढंच त्यांचं जग. टीव्ही आला आणि ते एकदम मालक झाले. कामावरून आले की पाय धुवायचे, टॉवेलनं हात कोरडे करायचे, आईनं भरतकाम केलेलं कव्हर काढून त्याची घडी घालायचे, आणि मग वाकून पडद्याखालची छोटी झडप उघडायचे. झडपेच्या आत तीन बटणं होती: ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि कलर. आवाजाचं बटण बाहेर होतं, त्याला ते पोरासोरांचं बटण म्हणायचे. आतली तीन ही त्यांची इस्टेट. ती पिळताना त्यांचा खालचा ओठ पुढं यायचा आणि आम्ही कोणी खोकलो तरी ते मागं वळून बघायचे, जणू खोकल्यानं रंग सांडणार होता.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की कॉलनीवर चिमणीची काजळी पडायची. वाळत घातलेल्या धोतरांवर, पापडांवर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर, माणसांवर. पहाटेपासून उसाच्या बैलगाड्यांची घुंगरं, मधूनच भोंगा, आणि मळीचा तो आंबूस वास. आम्हाला तो वास यायचाच नाही. पाहुणे नाकाला पदर लावायचे तेव्हा आम्हाला आठवायचं की आपल्याकडं वास आहे. जेवायला भाकरी, येसराची आमटी, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि हंगामात कोणाकडून तरी आलेली काकवी. काकवीत भाकरी कुस्करायची आणि ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचं. रविवारी सकाळी तर सगळी लाइन आमच्या घरात. बाया पुढं, पोरं त्यांच्या मांडीवर, गडीमाणसं दारात आणि खिडकीत. आणि यातल्या एकालाही टीव्ही गपगुमान बघता यायचा नाही. कोणी म्हणायचं माणसं लाल दिसून राह्यलीत, कोणी म्हणायचं आकाश हिरवं हाय. पलीकडच्या क्वार्टरमधले फिटर तर छत्रपती संभाजीनगरला कोणाकडं तरी टीव्ही बघून आलेले, त्यामुळं त्यांना सगळंच कळायचं. अण्णा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि कोणाचंच करायचे नाहीत, कारण त्यांच्याकडं स्वतःचं शास्त्र होतं.

ते शास्त्र असं. संध्याकाळच्या बातम्या सांगायला एक बाई यायच्या. त्यांचा गाल गोरा आणि किंचित गुलाबी दिसला म्हणजे चित्र बराबर. त्या गालावरून टीव्हीचे रंग लावायचे आणि मग दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माणूस गोरा दिसला पाहिजे, बाकी झाडाझुडपांचं काय व्हायचं ते होवो. त्यामुळं आमच्या टीव्हीत देव गोरे, राक्षस गोरे, पुढारी गोरे, आणि कृषिविषयक कार्यक्रमात बांधावर उभा राहून फवारणीची माहिती सांगणारा शेतकरीसुद्धा दुधात बुडवून काढलेला. वेस्ट इंडीजचा संघ खेळायला आला तेव्हा अण्णा अर्धा दिवस झडपेसमोर उकिडवे बसले. ते खेळाडू काही गोरे झाले नाहीत, मैदान मात्र पांढरं झालं आणि चेंडू कुठं गेला ते कोणालाच दिसेना. शेवटी अण्णांनी टीव्ही बंद केला आणि कंपनीला नावं ठेवली. मला हसू यायचं आणि चीडही यायची. आज माझ्या मुलाच्या जालन्याच्या घरात भिंतभर टीव्ही आहे. त्याला झडप नाही, बटण नाही, रिमोट दाबला की चित्र कसं पाहिजे याची यादीच समोर येते. मुलगा सगळ्यात भडक असेल ते निवडतो आणि म्हणतो, आई, बघ किती खरं दिसतंय. भाच्यासाठी मुली बघतोय आम्ही, फोनवर फोटो येतात, सगळ्या पोरी एकाच पिठाच्या लाट्या. नाकाला कड नाही, हनुवटीवर तीळ नाही. अण्णा आज असते तर या फोनला त्यांनी फुलं वाहिली असती.

आता हे सांगितलं पाहिजे की अण्णा स्वतः काळे होते. आमच्याकडं सावळे म्हणायची पद्धत आहे, मी म्हणणार नाही. काळे होते, तुकतुकीत, देखणे, आणि माझी थोरली बहीण विमल, माझी अक्का, हुबेहूब त्यांच्यावर गेली होती. रंग तोच, कपाळ तेच, हसताना आधी उजवा गाल हलायचा तेसुद्धा तेच. मी आईवर गेले, म्हणजे गव्हाळ. एवढ्या एका कर्तबगारीवर आत्या-मावश्या माझे मुके घ्यायच्या आणि अक्काकडं बघून म्हणायच्या, हिची उंची चांगली हाय. पोरगी काळी असली की आमच्या लोकांना ताबडतोब तिची उंची दिसायला लागते. अक्का डी.एड. झालेली. अण्णांची सायकल दांडीवरून पाय टाकून चालवणारी, हिरवी मिरची काकडीसारखी खाणारी, आणि कोणाचीही नक्कल अशी करणारी की आईला पोट धरून बसावं लागायचं. पण घरात पाहुणे आले की तिच्या तोंडावर पावडरचा थर बसायचा आणि तिचा दगड व्हायचा. दोनतीन स्थळं अशीच पोहे खाऊन गेली. कळवतो म्हणाले ते अजून कळवून राह्यलेत.

त्या वैशाखात अंबडला आमच्या मावसबहिणीचं लग्न होतं. आमच्या नात्यात व्हिडिओ शूटिंग असलेलं पहिलंच लग्न. भर दुपारी, डोक्यावर ऊन कडकडीत, तरी तो शूटिंगवाला हातात भलामोठा दिवा घेऊन लोकांच्या तोंडावर मारत फिरत होता आणि लोक घास तोंडात धरून थांबत होते. अक्का पंगतीत बुंदी वाढत होती. सकाळपासून ती मांडवातच होती, पदर खोचलेला, घाम निथळतोय, बादली या हातातून त्या हातात. नवरदेवाचा एक मित्र होता, प्रल्हाद नावाचा, शहागडच्या बाजूला शाळेत मास्तर. पुढं पंधरवड्यानं मावशीच्या जावयानं, म्हणजे त्याच नवरदेवानं, निरोप आणला की प्रल्हादनं स्वतः विचारलंय, ती उंच मुलगी, वाढत होती ती, तिचं कुठं जमलंय का. मुलाकडून, आम्ही न विचारता, आपण होऊन आलेलं स्थळ. आई देवापुढं साखर ठेवायला धावली. मी मागच्या पायरीवर अक्काला गाठलं, ती सुपात तूर निवडत बसली होती. मी म्हटलं, तुला माहीत होतं का गं. तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "सगळ्या मांडवाला वाढलं मी, सुमे. 'तुम्ही जेवल्या का' म्हणून त्यानंच विचारलं." आणि पुन्हा खडे निवडायला लागली. पण मी तिचा उजवा गाल पाहिला. अक्काच्या मनानं घेतलं होतं. या आधी कोणत्या स्थळाबद्दल तिनं असं एक वाक्यही बोललेलं मला आठवत नाही.

एखाद्या बापानं काय केलं असतं? पंचांग काढलं असतं. आमच्या अण्णांना विश्वासच बसेना. त्यांनी जावयाला उलटसुलट विचारलं, नक्की हीच का, दुसऱ्या कोणाला तर पाह्यलं न्हाई ना. जावई म्हणाला, अहो, हीच. अण्णा त्या दिवशी जेवताना म्हणाले, "उन्हानं डोळे दिपले असतील पोराचे. घरी येऊन बराबर पाह्यलं की फिरंल." आपल्या पोरीला कोणी उन्हात बघून पसंत करतं हे त्या माणसाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यांच्या मते पोरगा उन्हानं अर्धवट फसला होता, आता त्याला पक्कं फसवलं पाहिजे. आणि त्यांना युक्ती सुचली. लग्नाची कॅसेट मावशीकडून मागवायची, शहागडच्या व्हिडिओ सेंटरवरून कॅसेट लावायचं यंत्र भाड्यानं आणायचं, आणि पाहुणे आले की त्यांना टीव्हीवर विमल दाखवायची. टीव्ही कोणाच्या हातात होता? अण्णांच्या. बातम्यांच्या बाईचा गाल ज्यानं गुलाबी केला त्याला स्वतःच्या पोरीचा करता येणार नाही काय!

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी आजही नाटक म्हणते. रोज संध्याकाळी कॅसेट लागायची. बुंदीची बादली घेतलेली अक्का पडद्यावर आली की अण्णा ती तिथंच थांबवायचे आणि झडप उघडायचे. खरी अक्का टीव्हीच्या शेजारी उभी, ताडून बघायला. ब्राइटनेस थोडा वर, कलर थोडा खाली, कारण कलर तसाच ठेवला की ती नारिंगी दिसायची. पुन्हा ब्राइटनेस वर. आई भाकरी थापता थापता दारातून बघायची. एकदा ती म्हणाली, अहो, तिचं नाक दिसून न्हाई राह्यलं. अण्णा झडपेत डोकं घालूनच म्हणाले, "नाक काय करायचंय?" हे वाक्य त्यांनी अगदी मनापासून उच्चारलं. अक्कानं त्या सगळ्या दिवसांत एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "अण्णा, त्यांनी मला पाह्यलंय." अण्णा म्हणाले, "पाह्यलंय ना, मंग आता चांगलं पाहू दे." त्यानंतर ती नुसती उभी राहायची, इकडं मान कर म्हटलं की इकडं, तिकडं म्हटलं की तिकडं. शेवटी एका संध्याकाळी अण्णांचं समाधान झालं. बटण नेमकं कुठं ठेवायचं ते विसरू नये म्हणून त्यांनी आईला बोलावलं आणि आईनं करंगळीनं बटणाशेजारी कुंकवाचा ठिपका लावला. लग्नाच्या कामाची खूण, म्हणून कुंकू. मला त्या वयातही वाटलं की हे लोक ठार वेडे आहेत.

एक गोष्ट मात्र या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली नाही. ही सगळी तालीम संध्याकाळी चालायची, जेव्हा कॉलनीतल्या घराघरात दिवे आणि पंखे चालू असायचे आणि विजेचा दाब इतका पडायचा की पंख्याची पाती मोजता यायची आणि टीव्हीचं चित्र मंद व्हायचं. स्टॅबिलायझर होता, तो टुकटुक करण्यापलीकडं काही करत नव्हता. पाहुणे येणार होते दुपारी. हंगाम संपलेला, कारखाना बंद, अर्धी कॉलनी गावी गेलेली, आणि वीज अशी की बल्ब डोळ्यात खुपावा.

पाहुणे आले. प्रल्हाद, त्याचे वडील आणि वडिलांची विधवा बहीण, आत्याबाई. घर त्या आत्याबाईंच्या मुठीत आहे हे त्या ज्या पद्धतीनं भावाच्या आधी खुर्चीवर बसल्या त्यावरून कळलं. अण्णांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, पडदे ओढले होते, आणि ट्यूबलाइट न लावता बारीक पिवळा दिवा लावला होता, कारण पिवळ्या उजेडात माणूस उजळ दिसतो हे त्यांच्या शास्त्राचं दुसरं कलम. ज्येष्ठाचा उकाडा, बंद खोली, सगळे घामानं चिंब. आईनं शिरा आणि पोहे दिले. अक्का पोपटी साडी नेसून चहा घेऊन आली, पावडरीचे घामानं ओघळ आलेले. आत्याबाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चालायला लावलं, आणि म्हणाल्या, उंची चांगली हाय. प्रल्हादनं मान वर करून अक्काकडं पाहिलं आणि तो हसला, ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतात तसं. अक्काही हसली. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचे पेले घेऊन उभी होते, मला दोघंही दिसत होते. जमलं होतं सगळं. आत्याबाईंनी बैठकीचं कधी करायचं असं विचारायला तोंडसुद्धा उघडलं होतं. आमचे अण्णा नुसते गप्प बसले असते तर माझ्या बहिणीचं मनासारखं लग्न त्या खोलीत ठरलं असतं. पण अण्णा उठले आणि म्हणाले, आता जरा कॅसेट बघू.

टीव्ही लागला आणि खोली पांढरी झाली. मांडव पांढरा, माणसं पांढरी, नवरी म्हणजे पांढऱ्यावर तरंगणारी मुंडावळ. मग बुंदीची बादली आली आणि तिच्यामागं दोन भुवया, एक टिकली आणि दातांची ओळ. अण्णांनी चित्र तिथंच थांबवलं आणि बोट दाखवून म्हणाले, ही आमची विमल. प्रल्हाद पुढं वाकला. डोळे बारीक करून त्यानं पाहिलं. त्या पोरानं मनातल्या मनात तो मांडव इतक्या वेळा पाहिला असेल की त्याला पडद्यावर काय दिसायला हवं ते पक्कं माहीत होतं, आणि ते तिथं नव्हतं. तो सरळपणानं म्हणाला, "न्हाई, ह्या न्हाईत. त्या दुसऱ्या होत्या."

आत्याबाईंनी पडद्याकडं पाहिलं, अक्काकडं पाहिलं, आणि मग त्यांची नजर दारात माझ्यावर येऊन थांबली. इकडं ये गं, म्हणाल्या. मी पेले घेऊन तशीच गेले. त्यांनी मला दंडाला धरून टीव्हीशेजारी उभं केलं, जिथं रोज संध्याकाळी अक्का उभी राहायची तिथं. पांढऱ्या पडद्यावरच्या त्या तोंडात आणि माझ्यात काही तरी साम्य होतंच, सख्ख्या बहिणी आम्ही. आत्याबाईंना वाटलं, मांडवात प्रल्हादनं मलाच पाहिलं होतं, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. त्या भावाला म्हणाल्या, "बघ. दाखवायची ही अन् गळ्यात बांधायची ती. आमच्या भावकीत असंच झाल्तं." आई दारातून रडक्या आवाजात म्हणाली, अहो, शप्पथ, पडद्यावर विमलच हाय. पण मग ती अशी का दिसते ते सांगायला पाहिजे होतं, आणि ते सांगायचं काम अण्णांचं होतं. अण्णांनी सांगितलं नाही. एक वाक्य होतं, मी ब्राइटनेस वाढवलाय. माणूस नुसता झडपेकडं बघत उभा, तोंडावर घाम, ओठ पुढं आलेला. पोरीचं लग्न समोर मोडतंय आणि ह्यांना बटणाची लाज वाटतेय. मला त्यांच्या त्या ओठाचा संताप आला.

अक्का उठली. ट्रे खाली ठेवला, टीव्हीसमोर उकिडवी बसली, झडप उघडली, ब्राइटनेसचं बटण कुंकवाच्या ठिपक्यावरून चांगलं मागं आणलं आणि थांबलेली कॅसेट पुढं चालू केली. आमच्या घरात अण्णांशिवाय त्या बटणाला कोणी हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पडद्यावर अंबड आलं. ऊन आलं, मांडवाच्या कापडाचा लाल रंग आला, बुंदीचा पिवळा आला, आणि बादली घेऊन अक्का आली, काळी, घामेजलेली, पदर खोचलेली, हसणारी. पंगतीच्या कडेला प्रल्हाद मान वर करून तिला काही तरी विचारत होता. आवाज सनईचा होता, शब्द ऐकू येत नव्हते, पण अक्काला आणि मला ते माहीत होते. ती म्हणाली, "ही मी."

आत्याबाईंनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. आता तरी मिटायला पाहिजे होतं. पण त्या बाईचं डोकं अण्णांच्याच कारखान्यातलं. त्या अण्णांना म्हणाल्या, "म्हणजे पोरीला पांढरं करून दाखवून राह्यलते व्हय? मी तर हिला अशीच करून घेणार होते. पण बापच झाकून राह्यला म्हणल्यावर आणखी काय काय झाकलं असंल?" उत्तर एकाच माणसाकडं होतं. मी प्रल्हादकडं पाहिलं, आई त्याच्याकडं बघत होती, अक्का झडपेपाशी बसल्या बसल्या मान वळवून त्याच्याकडं बघत होती. तो पडद्यावर स्वतःलाच बघत होता. त्यानं फक्त म्हणायचं होतं, आत्या, मी पाह्यलंय हिला, हीच. मास्तर होता, दिवसभर वर्गात बोलायचं काम. त्यानं रुमालानं मान पुसली, आत्याबाईंकडं पाहिलं आणि म्हणाला, "निघू या. बस चुकंल."

ते गेल्यावर आईनं खिडक्या उघडल्या. शिरा तसाच राहिला होता, तो कोणी खाल्ला नाही, दुसऱ्या दिवशी फिटरच्या घरी दिला. अण्णा खूप वेळ कॅसेट मागं फिरवत बसले, कारण भाड्याचं यंत्र परत द्यायचं होतं, आणि मग कोणाकडंही न बघता म्हणाले, व्होल्टेज जास्त झालं आज. हा त्यांचा निष्कर्ष. संध्याकाळी पाहुणे आले असते तर सगळं बराबर दिसलं असतं. मी तोंड उघडणार होते, अक्कानं माझा हात दाबला आणि ती तोंड धुवायला मोरीत गेली. तिथं ती बराच वेळ होती. नळाचं पाणी वाहत होतं, आणि आई आतबाहेर करत होती, तिला हाक मारायचा धीर आईला झाला नाही.

महिन्याभरानं मावशीचा जावई पुन्हा आला. प्रल्हादनं म्हणे आत्याबाईंना समजावलं होतं, तो हटूनच बसला होता, आता त्यांची ना नव्हती, तारीख धरा म्हणाले. अण्णांना आनंदाचं भरतं आलं. मी म्हटलं होतं ना, कॅसेटीत पोरगी चांगलीच दिसली, असं काही तरी ते बरळले. अक्का म्हणाली, मला करायचं न्हाई. मग घरात जो तमाशा झाला तो मी लिहीत नाही, प्रत्येकाच्या घरात तो एकदा झालेलाच असतो. शेवटी अण्णांनी आवाज चढवला, एवढा पोरगा स्वतःहून मागं लागलाय, तुला काय राजपुत्र पाहिजे का. अक्का शांतपणे म्हणाली, "त्यानं मला उन्हात पाह्यलं होतं, अण्णा. त्या खोलीत सांगू शकणारा तो एकटा होता, अन् त्याला बस आठवली." त्या रात्री ती माझ्याशेजारी पाठ करून झोपली आणि रडली, कारण तिला तो आवडला होता आणि नाही म्हणताना तिचं काही कमी मोडलं नव्हतं. मी प्रल्हादला तेव्हा जे म्हटलं ते आजही म्हणते, ते छापण्यासारखं नाही.

अक्काला पुढं अंबड तालुक्यातच शाळा मिळाली. लग्न झालं, तिच्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी, तिनं स्वतः ठरवून. कोणी पोहे खायला आलं नाही की कोणी कॅसेट लावली नाही. दोन मुलं, दोन्ही आजोबांच्या रंगावर. अण्णा निवृत्त झाले, टीव्ही बदलले, रिमोट आले, तरी संध्याकाळी बातम्या लागल्या की आधी ते बाईचा गाल दुरुस्त करायचे. शेवटचं वर्षभर ते अंथरुणाला खिळून होते, माझ्याकडं जालन्याला. अक्का दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की यायची. त्यांची दाढी करायची, अंग पुसायची, पेज भरवायची. मी त्यांची सेवा केली, पण खोटं कशाला बोलू, मनातून मी त्यांना माफ केलं नव्हतं. अक्कानं केलं होतं का ते मला कधी कळलं नाही. ती त्या दिवसाबद्दल बोलायची नाही.

एका शनिवारी ती त्यांना पेज भरवत होती आणि मी खिडकीशी लसूण सोलत बसले होते. अण्णा तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "विमल, त्या दिवशी व्होल्टेज जास्त होतं गं."

मला वाटलं, उठावं आणि बाहेर जावं. इतकी वर्षं गेली, आई गेली, नातवंडं कॉलेजात गेली, आणि हा माणूस मरताना व्होल्टेजचं नाव घेऊन मरणार. अक्का चिडली नाही. तिनं चमचा वाटीत ठेवला, त्यांची हनुवटी पुसली आणि म्हणाली, "व्होल्टेजचं जाऊ द्या. तुम्ही सांगा, अण्णा, मी कशी दिसते?"

अण्णांनी पाहिलं. खिडकी उघडी होती, दुपारचा स्वच्छ उजेड सरळ तिच्या तोंडावर पडला होता. पांढरे झालेले केस, तेच कपाळ. ते म्हणाले, "माझ्यासारखी."

"ते तर हाय," अक्का म्हणाली. "मंग चांगली म्हणा की एकदा."

मी सुरी खाली ठेवली. अण्णांचा खालचा ओठ पुढं आला, हलला. मला वाटलं, आता म्हणतील. अक्का वाट बघत होती, पन्नाशी ओलांडलेली बाई, हातात पेजेची वाटी धरून.

"त्या अंगाला वळव मला," अण्णा म्हणाले. "उजेड लई येऊन राह्यला."

अक्कानं वाटी खाली ठेवली, त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना भिंतीकडं वळवलं.